विंचवाचे विष आणि हृदयाचा पंप

उन्हाळा संपत आला आणि वळवाच्या दोन सरी पडल्या, की आमच्या गुरुकुंज मोझरीच्या परिसरात विंचू दिसू लागतात. अंगणात रचलेल्या पऱ्हाटीखाली, तुरीच्या काड्यांच्या पेंढ्यांत, गोठ्याच्या दगडी भिंतीच्या सांदीत आणि कधी कधी तुमच्या बुटातही. वऱ्हाडातल्या मुलाला विंचू ओळखायला शिकवावे लागत नाही. मात्र कोणत्या विंचवाला किती भ्यावे, याबाबत आपल्याकडे बराच गैरसमज आहे. काळीकुळकुळीत, जाड चिमट्यांची मोठी इंगळी पाहिली की लोक ओरडतात, आणि बोटाएवढा तांबूस विंचू चपलेने सहज मारून टाकतात. खरे पाहता भ्यायला हवे ते या तांबड्याला. ज्या विंचवाचे चिमटे भक्कम असतात तो भक्ष्य चिमट्यांनीच दाबून धरतो. ज्याचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड, त्याची भिस्त विषावर असते. भारतात विंचूदंशाने माणसे दगावतात ती मुख्यत्वे या लाल विंचवामुळे. (आपण विंचू ‘चावला’ म्हणतो, पण तो चावत नाही, नांगी टोचतो. भाषा आपल्या जागी, विज्ञान आपल्या जागी!)

आता एक प्रश्न विचारतो. विंचू टोचला पायाच्या अंगठ्याला. विष गेले ते एका थेंबाहूनही कमी. मग काही तासांनी मूल धापा टाकू लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि हृदय थकून थांबायला येते, हे कसे? अंगठ्याचा आणि हृदयाचा संबंध काय?

जगातील डॉक्टरांनाही हा प्रश्न पडला होता. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर तिथल्या वेगळ्या जातीच्या विंचवाने दंश झालेल्या रुग्णांची हृदये अशीच बिघडत. त्यांच्याविषयी १९६३ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. त्याच्या शीर्षकातच या बिघाडाला ‘मायोकार्डायटिस’ म्हटले होते. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. हे नाव बरोबर होते का, हे पाहण्यापूर्वी दाह म्हणजे काय ते समजून घेऊ.

बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. दाहाची ही चार लक्षणे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस या लेखकाने लिहून ठेवली आहेत. काटा काही गरम नसतो. मग उष्णता येते कुठून? इजा झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यांमुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात व त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात. रक्त जास्त येते म्हणून लाली आणि उष्णता, द्रव बाहेर झिरपतो म्हणून सूज. त्या सैल भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. थोडक्यात, दाह हा शत्रू नव्हे. ती आपलीच फौज आहे. पण फौज गावात घुसली की गावाचेही नुकसान होतेच.

हेच हृदयाच्या स्नायूत घडले तर? बहुधा कारण असते एखादा विषाणू. त्यांतल्या एका कुळाचे नाव कॉक्सॅकी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या गावातील रुग्णांत तो प्रथम सापडला, त्या गावाचे नाव त्याला मिळाले. घटसर्पाचे जंतू घशात बसतात, पण त्यांचे विष रक्तातून हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचते. लस येण्यापूर्वी घटसर्पाने मेलेल्या कितीतरी मुलांचा बळी अखेर हृदयाने घेतला. विषाणूच्या बाबतीत नुकसान दोन हप्त्यांनी होते. काही स्नायुपेशी विषाणू मारतो आणि काही त्याच्या मागावर आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी मारतात. स्नायू सुजतो, त्याचा जोर कमी होतो आणि आकुंचनाचा संदेश नेणाऱ्या वाटा जागोजाग तुटल्यामुळे ठोक्यांची लय बिघडते. आमच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला शेकडो माणसे एका तालात टाळी देतात. मधल्या दोन-चार ओळींतील माणसे गप्प बसली आणि उशिराने टाळी देऊ लागली, तर ताल कसा विस्कटेल? हृदयात तसे झाले तर मृत्यू क्षणात येऊ शकतो.

सुजलेले बोट आपण हलवीत नाही. मोडलेला हात झोळीत ठेवतो. हृदयाला झोळी नाही. ते मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते, आजारी असले तरी. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर विश्रांती सांगतात आणि खेळाडूला सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिने मैदानापासून दूर ठेवतात. अमरावती जिल्ह्याला व्यायामाची मोठी परंपरा आहे. तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. आमच्या भागातील मुले-मुलीही पोलीस भरतीसाठी पहाटे महामार्गाच्या कडेने धावतात. त्यांना मी आवर्जून सांगतो, की अंगात ताप असताना ‘घाम काढला की ताप उतरतो’ असे म्हणून धावू नका. आणि ताप गेल्यावर छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा ठोके चुकल्यासारखे वाटत असतील, तर धावण्याआधी डॉक्टरांकडे जा.

आता विंचवाकडे परत येऊ. दंश झालेल्या मुलाच्या हृदयाचा जोर गेला आहे, म्हणजे स्नायूचा दाह झाला असणार, हा तर्क वरवर सरळ वाटतो. दाह असेल तर दाह कमी करणारी स्टेरॉइडसारखी औषधे द्यावीत, आणि हृदय दुबळे झाले असेल तर त्याला जोर आणणारी औषधे द्यावीत. ही औषधे भारतातही दिली जात होती. तरीही गंभीर झालेल्या रुग्णांपैकी दर शंभरात २५ हून अधिक दगावत. त्यांत लहान मुले पुष्कळ असत, कारण विषाची मात्रा तेवढीच आणि शरीर लहान.

१९७६ साली कोकणातल्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव हिंमतराव बावस्कर. गाव देहेड, आजच्या जालना जिल्ह्यात, आपल्या वऱ्हाडच्या सीमेलगतच्या भोकरदन तालुक्यात. वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात. महाडच्या लाल मातीत आणि जांभ्या दगडांत लाल विंचू फार. डॉ. बावस्करांजवळ मोठी यंत्रे नव्हती. रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही होती. रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब यांच्या नोंदी करीत. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा नोंदींतून एक क्रम दिसून आला. आधी ओकारी, दरदरून घाम आणि तोंडाला सुटणारी लाळ. मग हातपाय थंडगार, नाडी जलद आणि रक्तदाब चढलेला. त्यानंतर धाप आणि फुप्फुसांत पाणी. आणि रक्तदाब उतरतो तो सगळ्यांत शेवटी.

विद्यार्थी मित्रहो, या क्रमातच उत्तर दडले आहे. मी डॉक्टर नव्हे, पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे, म्हणून माझ्या प्रयोगशाळेतले उदाहरण देतो. एक विद्युतघट आणि एक दिवा जोडला आहे. दिवा मंद झाला. का? दोन शक्यता आहेत. घट उतरला असेल, किंवा मंडलातला रोध वाढला असेल. दिव्याकडे नुसते पाहून हे सांगता येणार नाही. पण घटाच्या टोकांना व्होल्टमापक लावा. घट उतरला असेल तर विभवांतर कमी दिसेल. रोध वाढला असेल तर ते कमी होणार नाही, उलट थोडे वाढलेलेच दिसेल. शरीरात हृदय म्हणजे घट, रक्तवाहिन्या म्हणजे रोध आणि रक्तदाब म्हणजे व्होल्टमापकाचे वाचन. हृदयाचा स्नायू दाहाने पहिल्यापासूनच दुबळा झाला असता, तर सुरुवातीला रक्तदाब चढायचे कारण नव्हते. तो आधी चढतो, याचा अर्थ आधी वाहिन्या आवळल्या गेल्या. पंप बिघडला तो नंतर, त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध झगडून.

नळी किती आवळली म्हणजे किती फरक पडतो? प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून पाणी सोडून हा नियम शोधला. त्याला कुतूहल होते रक्ताभिसरणाचे, पण आज तो नियम आम्ही पदार्थविज्ञानात शिकवतो. नळीचा रोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट नव्हे, सोळा पट! त्रिज्या फक्त दहा टक्क्यांनी घटली तरी रोध सुमारे दीडपट होतो. हा आकडा स्वतः काढून पाहा. ०.९ चा चौथा घात ०.६५६ येतो, त्याने १ ला भागा. औषधाच्या दुकानात मिळणारी नवी प्लास्टिकची पिचकारी सुईशिवाय पाण्याने भरून दाबा आणि मग तिच्या तोंडाला पेनची रिकामी कांडी घट्ट बसवून तेवढ्याच वेगाने दाबून पाहा. अंगठ्याला फरक लगेच कळेल. हृदयालाही तो असाच कळतो.

एरवी हृदयाचे काम किती असते? डाव्या जवनिकेतून एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, सरासरी १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध. हा दाब म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १३,३०० न्यूटन. त्याला ०.००००७ घनमीटरने गुणले की ०.९३ ज्यूल मिळतात. एक किलोग्रॅमचे वजन दहा सेंटिमीटर उचलण्याएवढे हे काम! एकदा करायला अगदी हलके, पण मिनिटाला ७२ वेळा, जन्मभर. आता दाब दीडपट झाला आणि ठोके मिनिटाला दीडशेवर गेले, तर तेवढेच रक्त ढकलण्याचे काम मिनिटाला तिप्पट होते. शेतातल्या मोटारपंपाच्या नळीवर बैलगाडीचे चाक ठेवून मोटार चालू ठेवली तर ती कशी गरम होऊन घुरघुरते, ते तुम्ही ऐकले असेल.

डावी जवनिका पुढे रक्त ढकलू शकली नाही, की ते मागे तुंबते. तिच्या मागे आहेत फुप्फुसे. फुप्फुसातील केशवाहिन्यांत दाब एरवी दहा मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, आणि रक्तातील प्रथिने सुमारे पंचवीस मिलिमीटर दाबाइतक्या ओढीने पाणी रक्तातच धरून ठेवतात. त्यामुळे फुप्फुसे कोरडी राहतात. तुंबलेल्या रक्ताचा दाब पंचविसाच्या वर गेला की ही ओढ अपुरी पडते आणि पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपू लागते. गुलाबी फेस तो हाच. मूल जणू स्वतःच्या रक्तातल्या पाण्यात बुडत असते.

पण अंगठ्यातल्या विषाने वाहिन्या का आवळाव्या? हा भाग मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लहरीच्या रूपाने. तंतूच्या पटलात सोडियमचे विद्युतभारित कण आत सोडणारे सूक्ष्म दरवाजे असतात. ते क्षणभर उघडतात आणि एक सहस्रांश सेकंदाच्या सुमारास मिटतात; म्हणून संदेश एकेका ठोक्यासारखा, तुटक जातो. विंचवाच्या विषातील छोटी प्रथिने या दरवाजांना चिकटून त्यांना नीट मिटू देत नाहीत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले आणि मिटेचनात, तर खाली काय होईल? तसाच मज्जातंतूंतून संदेशांचा पूर येतो. जे मज्जातंतू आपल्या इच्छेविना घाम, लाळ, ठोके आणि रक्तवाहिन्या चालवतात, ते एकदम पेटून उठतात. रक्तात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ओतले जाते. वाघ समोर आल्यावर शरीर क्षणभर जे करते, ते इथे तासन्‌तास चालू राहते.

निदान बदलले, तसे औषधही बदलले. थकलेल्या हृदयाला चाबूक मारण्यात अर्थ नव्हता. नळ्या सैल करायला हव्या होत्या. डॉ. बावस्करांनी प्रथम शिरेतून थेंब थेंब द्यायचे, वाहिन्या रुंदावणारे एक औषध वापरले. पण ते देताना दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातल्या केंद्रात ते कठीणच. मग त्यांनी प्रॅझोसिनची निवड केली. ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त, पोटात घ्यायची गोळी होती. वाहिन्यांच्या भिंतीतल्या ज्या कुलपांना नॉरॲड्रेनॅलिनची किल्ली लागते, त्याच कुलपांत ही गोळी जाऊन बसते. पण कुलूप फिरवीत नाही, नुसती जागा अडवते. खरी किल्ली बाहेरच राहते आणि वाहिन्या सैल पडतात. १९८६ साली याविषयीचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण घटत घटत शंभरात एकाच्या आसपास आले.

प्रॅझोसिन विष काढून टाकत नाही. विष ओसरेपर्यंत हृदयाला वाचवते. विष मारण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषाविरुद्ध प्रतिविष तयार केले. ते खरोखर उपयोगी पडते का, हे महाडमध्येच पाहिले गेले. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवड न करता दोन गट केले. ३५ जणांना प्रॅझोसिन आणि ३५ जणांना प्रॅझोसिनबरोबर प्रतिविष. दहा तासांत पूर्ण सावरले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२. हे निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तर मग त्रिनिदादच्या डॉक्टरांचे ‘दाह’ हे नाव अगदीच चुकीचे होते का? तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. दंशाने मेलेल्यांच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काही स्नायुपेशी मेलेल्या, स्नायूंत पाणी साचलेले आणि पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसतात. म्हणजे दाहाच्या खुणा तिथे असतात. ॲड्रेनॅलिनच्या अतिरेकानेही पेशी मरतात, आणि पेशी मेल्या की पांढऱ्या पेशी साफसफाईला येतातच. पण आग विझवायला आलेल्या माणसांना पाहून आग त्यांनीच लावली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय वाचलेल्या रुग्णांचे हृदय बहुधा काही दिवसांतच पूर्वीसारखे चालू लागते. विषाणूने सुजलेल्या हृदयाला सावरायला कित्येकदा आठवडे, महिने लागतात. म्हणजे विंचूदंशात स्नायूचा बराचसा भाग मेलेला नसून सुन्न झालेला असतो.

आता वेदनेविषयी, कारण घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. विंचू टोचला की असह्य ठणका लागतो, आणि ठणका थांबला की ‘विंचू उतरला’ असे आपण म्हणतो. पुष्कळ दंशांत नुसता ठणकाच असतो आणि तो काही तासांनी आपोआप कमी होतो. त्याचे श्रेय मंत्र घालणाऱ्याला किंवा पाला चोळणाऱ्याला जाते. पण ज्यांच्यात विष खरोखर भिनते, त्यांच्यात वेदना बेताची असू शकते. आणि ते बरे होऊ लागले की दंशाच्या जागी ठणका पुन्हा उमटतो, असेही डॉ. बावस्करांच्या पाहणीत आढळले. म्हणून बोंबलणाऱ्या मुलापेक्षा गप्प पडलेल्या, घामाने भिजलेल्या, थंड हातापायांच्या मुलाची काळजी अधिक करायला हवी. अंगठा दोरीने करकचून बांधू नये, ब्लेडने चिरा देऊ नये. त्यात वेळ जातो आणि जखम पिकते ती वेगळीच. मूल लहान असेल, किंवा ओकारी, घाम, थंड हातपाय यांपैकी काहीही दिसत असेल, तर प्रतीक्षा न करता दवाखाना गाठावा. निघताना दंश झाल्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि घाम व ओकारी केव्हा सुरू झाली तेही. विंचू मारला असेल तर तो डबीत घालून न्यावा. जिवंत पकडण्याच्या नादी लागू नये.

आणि विंचू घरात आहे की नाही हे कसे पाहावे? अतिनील किरणांची, नोटा तपासण्यासाठी वापरतात तशी, लहान विजेरी मिळते. अंधाऱ्या रात्री तिचा प्रकाश विंचवावर पडला, की तो हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचातील काही रसायने न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. ट्यूबलाइटच्या नळीला आतून लावलेला पांढरा लेप हेच करतो. विंचवांचे अभ्यासक रात्री रानात असेच विंचू शोधतात. तुमच्या शिक्षकांबरोबर, पायात बंद बूट घालून, पऱ्हाटीच्या ढिगाभोवती एकदा फिरून पाहा. मात्र त्या विजेरीचा झोत कोणाच्या डोळ्यांत मारू नका.